माझ्या टेबलावर तर चालतं

सोमवार, ५ फेब्रुवारी

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, रोज काय केलंस ते रजिस्टरमध्ये लिहीत जा. म्हणजे कुठे चुकतंय ते सापडेल." लिहितेच आहे. पण रजिस्टरमध्ये "बोर्ड क्रमांक १७, पास" एवढंच मावतं. आज फोन ठेवल्यावर वन्संचं तोंड कसं झालं होतं, ते त्यात कुठल्या रकान्यात भरायचं? म्हणून ही वेगळी वही. ही पिठाच्या डब्यामागे राहील. वन्सं स्वयंपाकघरात फक्त "चहा झाला का" विचारायला येतात, त्यामुळे जागा अगदी सुरक्षित आहे.

झालंय ते असं. आमचा कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि आठ माणसं. मालकीण माझी नणंद. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण वन्सं म्हणायची सवय लागली ती लागलीच. आम्ही वाचनयंत्रं बनवतो. पुस्तकाचं पान यंत्राखाली ठेवलं की ते मोठ्यानं वाचून दाखवतं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड ह्यांनी काढलेला. हा ह्यांचा शेवटचा. एक नमुना बनवला, चालवून बघितला, समाधानानं पाठ टेकली आणि चार महिन्यांनी गेले. त्याला अडीच वर्षं झाली. मागणी यायलाच दोन वर्षं लागली, आणि गेल्या महिन्यात पहिली चाळीस यंत्रं अंधांच्या एका ग्रंथालयात आणि त्याच्या शाखांत गेली.

आज तिथल्या ग्रंथपालांचा पुन्हा फोन आला. सकाळी यंत्र ठीक असतं. दुपारी खोली तापली की वाचता वाचता एखादं अक्षर धरून बसतं. फेब्रुवारीअखेर दुरुस्त झालं नाही, तर चाळीसही बोर्ड काढून बाहेरचे तयार बोर्ड बसवा, असं त्यांच्या समितीनं ठरवलंय.

वन्सं म्हणाल्या, "तसं बघितलं तर आपलं काही जात नाही. डबा आपला, आवाज आपला. फक्त दादाचा बोर्ड जाईल." आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. वन्संनी चहा टाकलेला मी लग्न होऊन आल्यापासून दुसऱ्यांदा पाहिला.

तिथून आधीच परत आलेली चार यंत्रं उघडून टेबलावर घेतली. चारही पास.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आजही चारही पास.

माझी पद्धत ह्यांनी घालून दिलेली आहे आणि मी त्यात काडीचाही बदल केलेला नाही. बोर्ड रबराच्या मॅटवर ठेवायचा. दिवा डावीकडे. मग विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपचा प्रोब घ्यायचा, म्हणजे वायरीच्या टोकाला बारीक आकडा असलेली लेखणीच, आणि तो आकडा बोर्डावरच्या क्लॉकच्या, म्हणजे सगळ्या बोर्डाला ठेका देणाऱ्या रेघेच्या, टोकाला अडकवायचा. लगेच पडद्यावर हिरवी लाट धावायला लागते. "आधी नाडी बघायची, मग बाकीची चौकशी," हे म्हणायचे. मग यंत्राखाली पुस्तक ठेवायचं आणि तासभर वाचू द्यायचं. चाचणी चालू असताना टेबलाला कुणी टेकायचं नाही, हाही ह्यांचाच नियम. नाडी बघून झाली तरी हे प्रोब काढत नसत. लाट चालू असली की बरं वाटतं, म्हणायचे. मलाही वाटतं. प्रोबच्या मुठीवर त्यांनी गुंडाळलेली पिवळी पट्टी आता काळी पडलीय. ती बदलायची नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

चाचणीचं पुस्तक मधमाश्या पाळण्यावरचं आहे. जाड आणि चित्रं कमी, म्हणून निवडलं होतं. एवढ्या वेळा ऐकलंय की आता कुणी पोळं हातात दिलं तर मी संसार थाटून देईन माश्यांचा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

वन्संनी बाहेरून एक तज्ज्ञ आणलेत. चाळिशीचे, उंच, बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघतात. लॅपटॉप घेऊन ह्यांचा आराखडा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांचा नकाशा, तासभर बघत बसले. मी चहा ठेवला तर "थँक्यू" बुटांना म्हणाले.

मग म्हणाले, "क्लॉकची रेघ फार आखूड वाटते."

मी म्हटलं, "आखूड नाही, सरळ आहे. मुद्दाम सरळ ठेवलीय. क्लॉकची रेघ सरळ आणि स्वच्छ पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं होतं."

"हो, पण बाकीच्या रेघा लांब आहेत ना."

"बाकीच्यांना वळसे घालून जावं लागतं. त्याला कोण काय करणार?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. वन्संनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, त्यांना आपण दिवसाच्या बोलीवर बोलावलंय. तू त्यांना असंच गप्प करत राहिलीस तर वर्षभर लागेल."

सोमवार, १२ फेब्रुवारी

तज्ज्ञांना स्कोप हवा होता. त्यांचा दुरुस्तीला गेलाय. मी म्हटलं, ह्यांचा स्कोप टेबलावरून हलत नाही. त्यांनी वन्संकडे बघितलं, वन्संनी छताकडे. विषय संपला.

घरी ह्यांचं जाड इंग्रजी पुस्तक पुढे वाचायला घेतलं. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली. जे काही इंग्रजी आहे ते शब्दकोशाच्या जोरावर. दिवसाला चार ओळी या वेगानं गेल्या दोन वर्षांत बरीच पानं ओलांडलीत. हे असते तर म्हणाले असते, "एवढ्या वेळात मी एक नवीन पुस्तक लिहिलं असतं." लिहिलं नसतंच. ह्यांना किराणा सामानाची यादी लिहायचा कंटाळा.

पुढचं प्रकरण मोजण्याच्या साधनांवर होतं. स्कोप, प्रोब वगैरे. ते सोडून दिलं. वीस वर्षं तेच करतेय, ते मला येतं. त्यापुढचं उष्णतेवरचं प्रकरण सुरू केलंय, कारण यंत्रं दुपारीच अडकतात.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज मजा आली, आणि तज्ज्ञांची जिरली.

त्यांनी सतरा नंबरचा बोर्ड खिडकीजवळच्या टेबलावर लावला आणि त्यावर गरम हवेचा पंखा सोडला. विसाव्या मिनिटाला यंत्र म्हणालं, "राणीमाशी जेव्हा उडते तेव्हा व्हा व्हा व्हा व्हा." बंद करेपर्यंत व्हा व्हा. वाहवा केल्यासारखं. आमचे सगळे लोक तोंडावर हात धरून हसत होते.

तोच बोर्ड मी माझ्या टेबलावर आणला. मॅटवर ठेवला, नाडी बघितली, तोच पंखा, तीच हवा. चार तास. राणीमाशी उडाली, परत आली, अंडी घालून मोकळी झाली. कुठेही अडखळलं नाही.

"आता सांगा," मी म्हटलं, "रेघ आखूड आहे तर माझ्या टेबलावर कसा चालतो?"

तज्ज्ञ बूट बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एकदा तुमचं टेबल पूर्ण रिकामं करून बघू या का?"

"टेबल रिकामं केलं तर चाचणी काय मांडीवर घेऊ?"

वन्सं म्हणाल्या, "वहिनीच्या टेबलावर बोर्डसुद्धा घाबरून नीट वागतात. दादा नाही का वागायचा?"

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. तज्ज्ञांचा हात बोर्डाला मानवत नाही, काहींचा असतो असा गुण. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, हसण्यावारी नेऊन दिवस चाललेत. महिन्याचे सोळा उरले.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पास झालेले दोन बोर्ड घेऊन मी स्वतः ग्रंथालयात गेले. बसनं दीड तास. मोठी खोली, उंच खिडक्या, आणि बाराला येऊन साडेचारपर्यंत मुक्काम ठोकणारं ऊन.

ग्रंथपाल साठीचे आहेत. जन्मापासून दिसत नाही, पण शर्टाला इस्त्री माझ्या दृष्टीनं जरा जास्तच कडक. स्वतःच्या उच्चारांचा फार अभिमान.

"म्हणजे तुम्ही त्या टेबलवाल्या बाई," ते म्हणाले. "फोनवर दर वेळी ऐकतो, आमच्या टेबलावर तर चालतं. मी म्हटलं, मग वाचकांनाच तुमच्या टेबलावर पाठवावं."

मी बोर्ड बसवले. साडेबाराला सुरू केले. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिलं यंत्र अडकलं, वीस मिनिटांनी दुसरं. जवळच्या बाकावर एक आजी ऐकत बसल्या होत्या. कादंबरीतली मुलगी पत्र उघडणार तोच "ति ति ति ति" सुरू झालं. आजी म्हणाल्या, "हे रोज असंच. दहा दिवस झाले, पोरीचं पत्र काही उघडत नाही." मला हसू यायला हवं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा घेताना ग्रंथपाल म्हणाले, "बाई, मला तुमचं टेबल दाखवा."

"कसं दाखवू?"

"मला सगळेजण दाखवतात तसं. बोलून."

मग मी डावीकडून सांगत गेले. दिवा. मॅट. विजेचा पुरवठा करणारी पेटी. डाग लावायचं सोल्डरिंग आयर्न आणि त्याचा स्टँड. चिमट्यांचा डबा. माझा चहाचा कप. पुस्तक टेकवायची लाकडी पाटी. ते बोटांवर मोजत होते.

"सात. अजून?"

"एवढंच."

"मग या सात वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत मांडा. बोर्ड तिथेही चालला तर सातातली एक गुन्हेगार. नाही चालला तर तुमचं टेबल खोटं बोलतंय."

निघताना आजींनी हात धरला. म्हणाल्या, "लवकर करा हं. माझंही वय झालंय, त्या मुलीचंही होईल."

शनिवार, १७ फेब्रुवारी

सात वस्तू पलीकडच्या खोलीत नेल्या. वन्सं मागून प्रत्येक वस्तू मोजत होत्या, लग्नातला आहेर मोजावा तशा. कपसुद्धा नेला, चहासकट. बोर्ड लावला. पंखा सोडला.

पंचविसाव्या मिनिटाला अडकला.

"खुर्ची राहिली," वन्सं म्हणाल्या. खुर्ची आणली. अडकला.

"आता तूच राहिलीस, वहिनी. जा, बस तिच्यावर."

बसले. यंत्रानं सोळा मिनिटं मधाचे प्रकार सांगितले आणि मग "पा पा पा पा" करत बसलं. वन्सं म्हणाल्या, "घे. त्याला तूही नकोयस."

हसत हसत वस्तू परत ठेवायला मी माझ्या खोलीत आले. टेबल ओकंबोकं दिसत होतं. त्यावर फक्त स्कोप होता. आणि बोर्डच नव्हता म्हणून प्रोब टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता.

तो मी वस्तूंत धरलाच नव्हता.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज बोर्ड लावला नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

सोडून दिलेलं प्रकरण काढलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, की प्रोब सर्किटला लावला की तो त्या सर्किटचाच भाग होतो, आणि तुम्ही जे बघता ते प्रोबसकट बघता. एकाही शब्दाला कोश उघडावा लागला नाही.

पण असं असेलच असं नाही. पुस्तकं सगळ्या जगासाठी लिहिलेली असतात.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सकाळी कुणी यायच्या आधी खाली गेले. सतरा नंबरचा बोर्ड, पंखा, पुस्तक, सगळं नेहमीसारखं. प्रोब लावला. लाट सुरू झाली. अर्धा तास वाचू दिलं. छान वाचत होतं.

मग प्रोब काढला. पडद्यावर आडवी रेघ आली. अशी रेघ मी दवाखान्यात एकदा बघितलीय, त्यामुळे पडद्याकडे पाठ करून बसले.

अकरा मिनिटांनी यंत्र अडकलं.

प्रोब लावला, बोर्ड पुन्हा सुरू केला. तासभर चाललं. काढला, नऊ मिनिटांत अडकलं. मग दुसरा बोर्ड, मग तिसरा. तिसऱ्यापर्यंत खात्री झाली होती, पण चौथाही केला. एखादा तरी ह्यांच्या बाजूनं बोलेल असं वाटलं.

म्हणजे जे चाळीस बोर्ड मी पास म्हणून पाठवले, त्यातला एकही मी खरा तपासलेला नाही. प्रत्येक वेळी ह्यांचा हात त्याच्या पाठीवर ठेवून तपासला. आणि नमुना बोर्ड तपासताना ह्यांनीही तेच केलं होतं. अहो, लाट बघत बसायची एवढी हौस होती, तर जरा पाच मिनिटं काढून ठेवायचा होतात. तेवढीच पाच मिनिटं लागत होती.

ह्यांच्यावर एवढी चिडले मी! अडीच वर्षांत पहिल्यांदाच. गेलेल्या माणसावर चिडता येत नाही, असं का कोण जाणे माझ्या मनात बसलं होतं. येतं. चांगलं दणकून येतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

तज्ज्ञांना टेबलाजवळ बोलावलं, टेकायला सांगितलं आणि सगळं करून दाखवलं. प्रोब लावून, काढून. मला वाटलं आता तज्ज्ञ बोलून घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "मला तिसऱ्या दिवसापासून शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज ठरवून यायचो. पण तुम्ही तो प्रोब ज्या पद्धतीनं उचलता..." पुढचं बुटांना सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मग वर बघून म्हणाले, "आणि मी म्हटलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

"नाही," मी म्हटलं.

"पण चुकलंच माझं. तुमचे दहा दिवस गेले. ओरडा खाल्ला असता तर वाचले असते."

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मी माझ्यासाठी माझ्या शब्दांत लिहून ठेवते. क्लॉक म्हणजे शाळेची घंटा. घंटा झाली की मेमरी दार लावून घेते आणि आत असतील त्यांची हजेरी मांडते. बाकीच्या रेघांवरून येणारी अक्षरं म्हणजे मुलं. त्यांच्या वाटा लांबच्या, वळणावळणाच्या. घंटेची वाट मात्र ह्यांनी सरळ आणि आखूड ठेवली. त्यामुळे घंटा लवकर होते. थंडाव्यात मुलं धावतपळत कशीबशी आत शिरतात. उन्हात रेंगाळतात, आणि एखाददुसरं दाराबाहेर राहतं. मग मेमरी चुकीची हजेरी मांडते, आणि यंत्र राणीमाशीला व्हा व्हा करत बसतं. प्रोब लावला की त्याच्या भारानं घंटेला एक अतिशय बारीकसा उशीर होतो, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही निम्मा. तेवढ्यात मुलं आत येतात.

"म्हणजे चूक किती मोठी?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं आणि दोन पेरं दाखवली. "रेघ एवढी लांब असती तर पुरलं असतं."

सत्तावीस वर्षं संसार केला त्या माणसाची चूक दोन पेरं भरली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच.

उपाय साधा आहे. प्रोब जेवढा भार टाकायचा, त्याहून किंचित जास्त भाराचा एक कपॅसिटर, म्हणजे चिमूटभर वीज साठवणारा भाग, त्याच जागी सोल्डर करायचा. खसखशीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा असतो. पुढच्या बोर्डांत रेघच लांब काढायची. ग्रंथालयातली आणि शाखांतली उरलेली यंत्रं वन्संनी लगेच टेम्पोनं मागवली. चाळीस बोर्ड, चाळीस कपॅसिटर. तज्ज्ञ म्हणाले, हाताला कंप नसलेलं माणूस पाहिजे. मी म्हटलं, ते आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

परवा आणि काल उसंत न घेता चाळीसही पूर्ण केले. मान राहिली नाही, पण एकही पुन्हा करावा लागला नाही.

आज सगळी यंत्रं एकदम चालवली, आठ तास, खिडक्या बंद, दोन पंखे गरम. प्रोब नाही. स्कोप कापड टाकून कपाटात. अडचण अशी आली की चाळीस यंत्रांना चाळीस पुस्तकं लागतात. वन्संनी कामावरच्या सगळ्यांना फर्मान काढलं, घरी जे छापील असेल ते आणा. आली एकेक. कायद्याचं, शिवणकामाचं, दोन लग्नपत्रिका, सहावीचा भूगोल, टेलिफोनची डिरेक्टरी. आठ माणसं, वन्सं आणि तज्ज्ञ पानं उलटत फिरत होतो. घामाच्या धारा. एक यंत्र घटस्फोटाची कलमं सांगतंय, शेजारचं काजं कशी करावी ते सांगतंय, आणि डिरेक्टरीवालं लोकांची आडनावं पुकारतंय, जणू सगळ्यांना साक्षीला बोलावलंय.

एकही अडकलं नाही. शेवटी वन्सं म्हणाल्या, "आता कुणीतरी यांना गप्प करा."

सोमवार, २६ फेब्रुवारी

यंत्रं गेली. त्याबरोबर समितीला लेखी कारण द्यायचं होतं, त्यावरून वन्संचं आणि माझं वाजलं.

वन्सं म्हणाल्या, "लिही, मेमरीच्या चिपमध्ये दोष होता."

"नव्हता."

"कोण बघायला येणार आहे?"

"मी आहे ना."

"वहिनी, दादाचं नाव कशाला घालतेस त्यात? तो काय उत्तर द्यायला येणार आहे?" आणि एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला अडीच वर्षं चिडवून चिडवून चालतं ठेवणारी ही बाई, हिला कुणी चालतं ठेवलं याचा मी कधी विचारच केला नव्हता. चहा केला. दोघींनी शेवटपर्यंत प्यायला.

मग मी म्हटलं, "वन्सं, खोटं लिहिलं तर पुढच्या बोर्डावरही कुणीतरी हीच सरळ रेघ काढेल. ह्यांची रेघ म्हणून आदरानं काढेल. ह्यांना ते आवडेल?"

"नाही."

"आणि सत्तावीस वर्षं ह्यांच्या चुका ह्यांना सांगणारी मीच होते. आता कुणी दुसऱ्यानं सांगितलेल्या मला चालायच्या नाहीत."

वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "तुझीही लिही मग."

"पहिल्या ओळीत माझीच आहे."

दीड पान झालं. तज्ज्ञांचं नाव घातलं तर ते लाल झाले. खोडू का विचारलं, तर नको म्हणाले.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

दुपारी पावणेतीनला ग्रंथपालांचा फोन.

"टेबलवाल्या बाई, समिती बसलीय. डोळस असे तीन सभासद आहेत, ते म्हणाले आम्ही पत्र वाचून दाखवतो. मी म्हटलं, नको. वाचनयंत्रं कशाला घेतलीत मग? तुम्हीही ऐका."

त्यांनी फोन यंत्राजवळ धरला. ऊन कडक असणार, मागे पंखे फिरत होते. वन्संना हाक मारली. रिसीव्हरला दोघींनी दोन बाजूंनी कान लावले.

यंत्रानं घसा न खाकरता सुरुवात केली. "या बिघाडाला दोन चुका कारण आहेत. पहिली चूक चाचणीतली असून ती माझी आहे. मी बोर्ड ज्या स्थितीत तपासले, त्या स्थितीत ते आपल्याकडे वापरले जात नाहीत. दुसरी चूक आराखड्यातली असून ती माझ्या पतीची आहे. त्यांनी क्लॉकची रेघ आवश्यकतेपेक्षा आखूड ठेवली." असं करत खाली गेलं. कपॅसिटर, आठ तासांची चाचणी, चाळीसही बोर्डांचे क्रमांक, सगळे एकेक करून. सतराव्याला मी श्वास धरला. त्यानं धरला नाही. सरळ पुढे गेलं. शेवटी तारीख वाचली आणि माझी सही वाचायचा प्रयत्न केला, तिथे "अक्षर ओळखता येत नाही" म्हणालं. ते खरं आहे. माझी सही वन्संनाही ओळखता येत नाही.

तिकडे थोडी कुजबूज झाली. मग ग्रंथपाल फोनवर आले. म्हणाले, "बोर्ड राहणार. आणि त्या आजींची मुलगी कालच पत्र उघडून बसलीय. आत काही बरं लिहिलेलं नाही म्हणे, त्यामुळे आजी आता तुमच्यावर नाराज आहेत."

मी हसले.

"पण बाई, एक सांगू? तुमच्या यजमानांची चूक यंत्रानं काय स्वच्छ वाचली! कुठे चाचरणं नाही, कुठे अडखळणं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एका दमात."

"हो," मी म्हटलं. "स्वतः कबूल करायची वेळ आली असती, तर ते एवढं सलग कधीच बोलले नसते."